मदत हवी आहे: कॉलेज ऑफिसचा स्टाफ घरून कामाला तयार आहे का, हे बघायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे, राहायला कळव्याला, म्हणजे रोज उलटं ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस घरून काम म्हटल्यावर सगळ्यात आधी मीच खूश झाले 😀 पण सरांनी आता माझ्यावरच ढकललंय, कोण तयार आहे त्याची यादी कर म्हणून.

राज्य सरकारच्या महाडीबीटीचे स्कॉलरशिपचे अर्ज वेबसाइटवर तपासायचे असतात, ते घरून होईल. पण हिशोबाचं टॅली ऑफिसच्या एकाच पीसीवर, पोरांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर कपाटात, आणि एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), बोनाफाईडवर सही-शिक्का लागतोच, तो काय व्हॉट्सॲपवर मारायचा? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांचे आधार, जातीचे दाखले सगळे आमच्या स्वतःच्या मोबाईलवर आले होते, काहींच्या गॅलरीत अजून असतील, आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय तर तसं चालवायची भीतीच वाटते. आमचे हेडक्लार्क काका कामात एक नंबर पण घरी लॅपटॉपच नाही, आणि विचारलं की "जमेल गं" म्हणतात.

कोणाच्या कॉलेजात असं सुरू आहे का? कामं कशी वाटून दिली, लॅपटॉप-नेटचा खर्च कोणी दिला, आणि माणसांना वाईट न वाटता विचारायचं कसं? प्लीज सांगा, सोमवारी मीटिंग आहे.