तापाच्या औषधासाठी आणखी किती उंदीर?

ताप उतरवणाऱ्या औषधाची नेहमीची चाचणी अशी: पांढऱ्या उंदराच्या कातडीखाली यीस्टचं द्रावण टोचतात. तिथे सूज येते, ताप चढतो. साधारण १८ तासांनी औषध पाजतात आणि गुदद्वारात थर्मामीटर घालून तासातासाला तापमान घेतात. तुलनेसाठी एका गटाला पॅरासिटामॉल. सूज ठणकत असते, पण नेहमीची वेदनाशामकं देता येत नाहीत. त्यांनी तापही उतरतो आणि चाचणी वाया जाते.

खरोखरच्या नव्या औषधासाठी हे समजू शकते. पण कुठल्यातरी पाल्याचा अर्क घ्यायचा, ताप उतरला असं दाखवायचं आणि प्रबंध जमा करायचा, यासाठी? अशा चाचण्यांना परवानगीच नको, पेशींवर तपासा.

प्रतिसाद १
मी औषधशास्त्र शिकवतो. ताप पेशीला येत नाही, अख्ख्या देहाला येतो. प्रोस्टाग्लँडिन ई२ या रसायनामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधली तापमानाची पातळी वर सरकते, मग कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते. हे रसायन बनवायला लागणाऱ्या कॉक्स एन्झाइमला अर्क अडवतो का, हे काचेच्या बशीत कळेल. पोटातून, यकृतातून पार होऊन तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे कळणार नाही. आणि पाल्याचा अर्क लोक तसाही पितातच, मग तो तपासायचाच नाही का?

प्रतिसाद २
यकृताचं म्हणता, तर मांजर बघा. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी ग्लुकुरोनाइडची प्रक्रिया तिच्यात इतकी दुबळी असते की आपली एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. एका प्राण्यावरून दुसऱ्याबद्दल एवढ्या खात्रीने कसं बोलता? शिवाय उंदीर नुसता हातात धरला तरी घाबरून त्याचं तापमान वाढतं. तुम्ही मोजता तो ताप की भीती?

प्रतिसाद १
भीतीचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून तर शरीरात बसवलेल्या चिपने तापमान घ्यावं, थर्मामीटर बंद करावा. तसं केलं की आकडे स्वच्छ येतात आणि कमी प्राण्यांत भागतं.

धागाकर्ती
मग आधी बशीतली चाचणी सक्तीची करा. कॉक्स अडत नसेल, तर अर्क उंदरापर्यंत नेऊच नका.

प्रतिसाद १
त्या गाळणीत पॅरासिटामॉलच अडकलं असतं. बशीत ते कॉक्सला फारच कमी अडवतं, तरी ताप उतरवतं.

धागाकर्ती
तर गाळणी सुधारा, एकाच एन्झाइमवर विसंबू नका. पण अर्काचं पुढे काय करणार, हे लेखी दिल्याशिवाय एकही उंदीर मिळू नये, यावर मी ठाम आहे.