तीन कामांची कमाई रिटर्नमध्ये एकत्र दाखवायची की वेगवेगळी?

प्रश्न: नोकरी सोडली, आता भाषांतर करते, ऑनलाइन शिकवते, अधूनमधून फोटोग्राफी पण. सगळे पैसे एकाच खात्यात येतात आणि आता रिटर्न भरायला बसले तर डोकं गरगरतंय, एकच आकडा टाकायचा का प्रत्येकाचं वेगळं? फोटोग्राफीत तर यंदा तोटाच आहे, नवा कॅमेरा घेतला ना.

उत्तर: टॅक्स सहसा एकूण उत्पन्नावर लागतो पण हिशोब कामागणिक वेगळा ठेव. आणि भाषांतराचे दहा क्लायंट म्हणजे दहा धंदे नाहीत, एकच, इथेच लोक घोळ घालतात.

उत्तर: खात्यात आलेली रक्कम म्हणजेच उत्पन्न असं धरू नकोस हं. प्लॅटफॉर्मने 1000 मधले 200 कमिशन कापून 800 दिले तर उत्पन्न 1000 आणि खर्च 200. टॅक्स आधीच कापला असेल तर तोही असाच, उत्पन्न पूर्ण दाखवायचं आणि कापलेल्याचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो भरायच्या टॅक्समधून वजा करायचा, नाहीतर तू स्वतःचंच नुकसान करशील.

उत्तर: कॅमेऱ्याचा सगळा खर्च एकाच वर्षात टाकलास का? बऱ्याच ठिकाणी त्याचा घसारा (वापराने दरवर्षी कमी होणारी किंमत) धरून तो काही वर्षांत विभागतात, मग तोटा कदाचित उरणारच नाही. लॅपटॉप, इंटरनेट तिन्ही कामांत वाटून टाक, प्रत्येकात पूर्ण नको.

प्रश्नकर्ती: अरे देवा, इंटरनेट मी तीनदा धरलंय 😅