मदत हवी आहे: गवत काढून कोनफ्लॉवर लावायचंय, रोपं कशी वाढवू?

नमस्कार मंडळी. अंगणातला मोठा पट्टा नुसत्या गवताचा आहे. सारखं मशीन फिरवा, पाणी द्या, आणि तिथे ना फुलपाखरू ना मधमाशी. त्या जागी जांभळं कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया, लावायचं पक्कं केलंय. जुनी झाडं आहेतच, त्यांच्यापासूनच रोपं करायची आहेत.

वाळलेल्या बोंडांतलं बी काढून ठेवलंय (बोंडं भलतीच टोचतात, हातमोजे घालूनच चुरडा). हे बी ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात. पण जांभळ्या जातीला त्याची खरंच गरज असते का? थेट पेरलेलं कुणाचं चांगलं उगवलंय? बियांपासूनची रोपं बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात, तेवढा धीर आहे.

की जुने गड्डे फोडू? जांभळ्याची मुळं तंतुमय, त्यामुळे जमायला हवं. फिक्या जातीचं सोटमूळ असतं, तिला हात लावणार नाही. प्रत्येक तुकड्याला किती कोंब ठेवता?

आणि गवताचं काय? पुठ्ठा अंथरून वर पालापाचोळ्याचा जाड थर दिला, तर त्याच मोसमात रोपं लावता येतील का? गवत पुन्हा डोकं वर काढेल याचीच जास्त धास्ती आहे. ज्यांनी केलंय त्यांनी जरूर सांगा.