आजीचं लग्न स्वातंत्र्याआधीचं की नंतरचं?

दांडियाबाजारकर:
आमची बडोद्याची आजी २०१७ साली गेली. पणतवंडांसाठी तिचं आयुष्य सालवार लिहून काढतोय, शेजारी देशातल्या घडामोडी. जन्मदाखला नाही. ती सांगायची, "महाराज गेले तेव्हा मी मराठी चौथीत." आणि, "आमचं लग्न राज्यात झालं, सरकार नंतर आलं." म्हणून घरात सगळे लग्न स्वातंत्र्याआधीचं धरतात. तांब्याच्या घंगाळावर काठाखाली तिचं सासरचं नाव आणि 'सं. २००४ वैशाख' असं कोरलंय. भाऊ विक्रम संवतातून ५७ वजा करून १९४७ म्हणतो. बरोबर आहे का?

जुनी बखर:
५७ उत्तरेकडच्या चैत्री संवताला. आपल्याकडे बडोद्यात संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, त्यामुळे वैशाखाला ५६ वजा करायचे. म्हणजे मे-जून १९४८. देश स्वतंत्र होऊन नऊ-दहा महिने झाले होते. तरी आजींचं म्हणणं खरंच! बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ला. तोवर गादीवर प्रतापसिंहराव होते.

सूरसागरकाठ:
महाराज म्हणजे सयाजीराव. ६ फेब्रुवारी १९३९ला मुंबईत वारले. चौथीतली मुलगी नऊ-दहा वर्षांची, तेव्हा जन्म १९२९च्या आसपास. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तारीख मिळेल.

आणि एक मनापासून सांगते, १९०६ साल जरूर लिहा, आजींच्या जन्माआधीचं असलं तरी. त्या वर्षी महाराजांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. सुरुवात १८९३ला अमरेलीत झाली होती. माझी आई बडोद्याची, शेवटपर्यंत रोज पेपर वाचायची, अग्रलेखासकट. सासूबाई तिच्याच वयाच्या, पण इंग्रजी मुलखातल्या खेड्यात वाढलेल्या. पेन्शनच्या कागदावर अंगठा लावायच्या. त्यांचा हात धरून शाईच्या पॅडवर टेकवताना मला दरवेळी फार वाईट वाटायचं.

दांडियाबाजारकर:
दोघांचेही आभार. १९०६ अगदी वर घेतो. आजीही दुपारी पोथी मोठ्याने वाचायची, शेजारच्या बायका ऐकायला यायच्या.

१ मे १९६०ला गुजरात झालं. म्हणजे एकाच वाड्यात राहून तिशी-एकतिशीपर्यंत तिने गायकवाडी, मुंबई राज्य आणि गुजरात, तिन्ही पाहिलं. १५ ऑगस्टपेक्षा १ मे १९४९ला जास्त जागा देणार आहे. तिच्या बोलण्यात फाळणी क्वचितच यायची, 'राज्य गेलं' मात्र सारखं.

शाळेत सोमवारी जातोय. रजिस्टर मोडी लिपीत असलं तर इथे कोणी वाचून देईल का?

सूरसागरकाठ:
मी देईन. फोटो उजेडात काढा, पान अगदी सपाट धरून.