मदत हवी आहे: सात वर्षांची मुलगी सतत तंद्रीत असते. हे एडीएचडी असेल का?

नमस्कार. माझी मुलगी ७ वर्षांची आहे, दुसरीत. आम्ही कराडला असतो. वर्षभर मनात घोळतंय ते आज लिहिते आहे, कारण घरात विषय काढला की "तू फार विचार करतेस" एवढंच ऐकायला मिळतं.

माझ्या जावेच्या मुलाला मागच्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) निदान झालं. तो एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, सोफ्यावरून उड्या, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर. त्यामुळे आमच्या डोक्यात एडीएचडी म्हणजे तेच चित्र होतं. माझी लेक अगदी उलट, शांत. पण जावेनं लक्षणांची यादी दाखवली आणि त्यातला लक्ष न लागण्याचा भाग वाचताना मला हिचाच चेहरा दिसायला लागला.

सकाळचं सांगते. सातला रिक्षा येते. पावणेसातला मी तिच्या हातात मोजे देते. एक पायात चढतो. दुसरा हातात तसाच आणि नजर खिडकीबाहेर. मी डबा भरून येते तरी तो मोजा हातातच. "घाल गं" म्हटलं की "हो" म्हणते, पण हात हलत नाहीत. वहीत पहिल्या दोन ओळी सुबक, तिसरीपासून काना-मात्रा गळायला लागतात, पाचवी ओळ अर्धवट. बेरजा तोंडी येतात, पण फळ्यावरून उतरवून घेतानाच आकडे चुकतात. जूनपासून तीन पाण्याच्या बाटल्या आणि एक रेनकोट हरवला.

शाळेतल्या बाई म्हणतात, "काही त्रास नाही हो तिचा, जरा स्वप्नाळू आहे." सासूबाई म्हणतात, "तिचा बाप अस्साच होता."

मी अडकते ती इथे. गणपतीच्या आधी तिच्या आजोबांनी शाडूची माती आणली. त्या मातीशी ती अडीच तास बसली, जेवायलाही उठेना. उंदराच्या प्रत्येक पायाला तिनं काडीनं नखं काढली. मग हिचं लक्ष लागत नाही असं म्हणायचं तरी कसं? मागच्या आठवड्यात मोज्यावरूनच मी तिला फटका मारला. ती रडली नाही. "मी विसरले गं" म्हणाली. तेव्हापासून मला चैन नाही.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. आधी कुणाला दाखवायचं? गेलं की लगेच गोळ्याच सुरू करतात का? तिला उगाच शिक्का बसेल अशीही भीती वाटते.

ओवीची_आई: ताई, तुमचं मोज्याचं वाचून पोटात कालवलं. माझ्या मुलीचं निदान नवव्या वर्षी झालं आणि त्याआधीची दोन वर्षं मी तिला आळशी म्हणत होते. मातीचं कोडं आम्हालाही होतं. डॉक्टरांनी समजावलं की या मुलांना लक्षच नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि धरून ठेवणं जमत नाही. आवडीच्या कामात ते आपोआप धरलं जातं, रोजच्या कंटाळवाण्या कामात सुटतं. म्हणून ती मातीत रमली यावरून एडीएचडी नाही असं ठरत नाही. मुलींमध्ये बरेचदा दंगा नसतो, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही आणि निदान लांबतं.

पण घाईही नको. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत. त्यांतली किमान सहा, कमीत कमी सहा महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, वयाच्या मानानं जास्त आणि रोजच्या कामात आड येणारी असावी लागतात. शिवाय सुरुवात बाराव्या वर्षाच्या आतली हवी. रक्त तपासून किंवा स्कॅन करून हे कळत नाही. आई-वडील आणि शिक्षक, दोघांकडून प्रश्नावली भरून घेतात. बाईंना "त्रास देते का" असं विचारूच नका. फळ्यावरचं पुरं उतरवते का, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी लक्षात राहते का, असं नेमकं विचारा.

दुर्वांकुर: बालरोग विभागात काम करते, म्हणून थोडं. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. रात्री घोरते का, तोंडानं श्वास घेते का, तेही डॉक्टरांना सांगा, कारण झोप मोडणारं मूल दिवसा असंच दिसतं. आणि एक नक्की बघा: तंद्रीत असताना खांद्याला हात लावून हाक मारा. लगेच भानावर आली तर ठीक. हात लावूनही काही सेकंद काहीच कळत नसेल, पापण्या फडफडत असतील, बोलता बोलता वाक्य तुटत असेल, तर तो आकडीचा एक प्रकार असू शकतो. तसं असेल तर थांबू नका, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करावा लागतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे आणि पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) मोफत होते. आपल्याकडच्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेन या संशोधन संस्थेनं तयार केलेली प्रश्नावलीही आहे, तिच्याबद्दल विचारा. गोळ्यांचं म्हणाल, तर सहाच्या आतल्या मुलांत आधी पालकांना शिकवण्यावर भर असतो. तुमच्या लेकीच्या वयात पालकांना शिकवणं आणि गोळ्या, दोन्हींचा विचार होतो, पण निदान पक्कं झाल्यावरच.

धागाकर्ती: दोघींचे मनापासून आभार. काल खिडकीपाशी असताना खांद्याला हात लावला. लगेच वळली आणि म्हणाली, "आई, ती मुंगी साखर उलटी चालत नेतेय." जीव भांड्यात पडला. मोजे आता रात्रीच बुटात ठेवते आणि सकाळी तिच्याशेजारी बसते, निम्मी आरडाओरड कमी झाली. मंगळवारी बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, हे पण येतो म्हणाले. ओवीच्या आई, एकच विचारायचं आहे. तिला काय सांगून न्यायचं? डॉक्टर म्हटलं की तिला इंजेक्शनच आठवतं. तुम्ही ओवीला काय सांगितलं होतं?