लोकरीवर इंग्लंड श्रीमंत झालं, मग मेंढपाळाच्या घरात काय आलं?

बालाघाटी_पोरगा:
गाव बीडकडं. चुलत्याकडं साठेक मेंढरं आहेत, परवा कातरणी झाली आन लोकर पोत्यात भरून ओसरीत तशीच पडलीय, न्यायला कोणी येईना, कातरणाऱ्याची मजुरी पण निघंना. आन इकडं वाचतो तर इंग्लंडच्या संसदेत वरच्या सभागृहाचा अध्यक्ष लोकर भरलेल्या गादीवर बसतो म्हणे, का तर एकेकाळी देशाची दौलतच लोकर होती. एवढा पैसा आला कसा, आन मेंढरामागं फिरणाराला त्यातलं काय मिळालं? माहीतगारांनी सांगा.

परभणी_मास्तर:
भाऊ, लोकर इंग्लंडची पण कापड विणायचं फ्लँडर्समधी, म्हंजे आताच्या बेल्जियमकडं, गेंट, ईप्र ही गावं, आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो तसंच समजा. मोठाले कळप ख्रिस्ती साधूंच्या मठांचे, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरातला फाउंटन्स मठ त्यात नावाजलेला. इटलीचे व्यापारी मठांना आगाऊ पैसे द्यायचे अन् पुढच्या कैक वर्षांची लोकर आधीच बांधून घ्यायचे, म्हणजे सरळ उचलच की! मग मेंढरांत खरजेची साथ आली, लोकर घटली, तरी कबूल केलेला माल देणं भागच, कितीतरी मठ कर्जात बुडाले. राजाचं वेगळंच, 1275 पासून दर पोत्यामागं 6 शिलिंग 8 पेन्स जकात. पोतं 364 पौंड वजनाचं, म्हंजे 165 किलोच्या आसपास, म्हणजे दोन-अडीचशे मेंढरांची लोकर एका पोत्यात. पुढं इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डनं फ्रान्सशी भांडणापायी 1336 ला निर्यातच अडवली तर तिकडं फ्लँडर्समधी माग बंद पडून विणकर उपाशी.

गोदाकाठ_ताई:
मास्तरांनी मठ सांगितले पण हातानं काम करणारे राहिले. इटलीतल्या फ्लॉरेन्समधे लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या मजुरांना स्वतःचा संघ काढायची परवानगीच नव्हती, शेवटी 1378 मधे ते उठले आणि थोडे दिवस शहराचा कारभारच हातात घेतला, त्या मजुरांना चोंपी म्हणायचे, म्हणून चोंपींचा उठाव म्हणतात त्याला. सूत काढणाऱ्या बाया तर घरी बसून वजनावर पैसे घ्यायच्या, त्यांची नावं फारशी कुठं लिहिलेली नाहीत. माझी आजी लोकरीचं सूत काढायची, घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, बोटं कायम चिकट, त्यामुळे हे वाचताना मला राजापेक्षा त्या बायाच दिसतात.

परभणी_मास्तर:
ताई, बरोबर बोललात. एक राहिलं. 1348 च्या प्लेगनंतर माणसं कमी, मजुरी महाग, मग जमीनदारांना शेतीपेक्षा मेंढरं परवडायला लागली, शंभर एकराला एक मेंढपाळ अन् कुत्रं पुरतं. यॉर्कशायरातलंच व्हॅरम पर्सी नावाचं गाव 1500 च्या आसपास असंच मेंढरांपायी उठलं, नुसतं पडकं चर्च उरलंय.

बालाघाटी_पोरगा:
मास्तर, ताई, लई आभार. चुलत्याला सगळं वाचून दाखवलं. बाकी काही बोलला नाही, एवढंच म्हणला, "उचल तिकडं पण होती व्हय?" ताई, ती खळ कशी करायची ते आठवत असंल तर लिहा, पोतं अजून ओसरीतच आहे.