मदत हवी आहे : मुंबई ते लंडन विमानाला नेमके किती तास लागतात?

गोदाकाठ : आईला घेऊन मुंबईहून हीथ्रोला जायचे आहे आणि विमानात नेमके किती तास जाणार, एवढेच मला लवकर कळायला हवे आहे. अंतर मोजणारे एक संकेतस्थळ ७,२०० किलोमीटर आणि ८ तास २८ मिनिटे असे दाखवते. तिकिटावर मात्र दुपारी १:०५ ला निघून सायंकाळी ६:१० ला पोहोचणार असे आहे, म्हणजे जेमतेम पाच तास. यातले खरे कोणते?

नकाशाप्रेमी : तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. प्रवासाची तारीख कोणती आणि विमान थेट आहे का, हे आधी सांगावे.

मुलुंडकर : थेट विमानाचा हट्ट धरूच नये. मी दर वेळी दोह्याला उतरून पाय मोकळे करतो आणि पुढचा प्रवास सुखाचा होतो.

गोदाकाठ : विमान थेट आहे आणि मार्ग बदलायचा नाही. आईला इन्सुलिन घ्यावे लागते. फ्रिजवर चिकटवलेला तिचा जेवणाचा आणि डोसचा तक्ता भारतीय वेळेचा आहे, म्हणून तास विचारले.

सुधामावशी : इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण खालच्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. डोसच्या वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. व्हीलचेअरची नोंद केलीत का?

मुलुंडकर : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडनच आपल्याकडे सरकत येते, मग जाताना वेळ कमीच लागायला हवा.

नकाशाप्रेमी : पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे तसा फायदा मिळत नाही; उलट उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे जाताना समोरून येतात. संकेतस्थळाने फक्त सर्वांत जवळचे अंतर ताशी ८५० किलोमीटरने भागले आहे, पण तो मार्ग पाकिस्तान आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केले, म्हणून वळसा पडतो. शिवाय धावपट्टीपाशी रांगेत जाणारा वेळही तिकिटात धरलेला असतो. तारीख अजून कळली नाही.

गोदाकाठ : क्षमस्व, ३ नोव्हेंबर.

नकाशाप्रेमी : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, म्हणून तेव्हा फरक साडेपाच तासांचा असेल. पाच तास पाच मिनिटांत तो मिळवला की १० तास ३५ मिनिटे होतात. उतराल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११:४० वाजलेले असतील.

गोदाकाठ : म्हणजे आईचे आठचे जेवण विमानातच होणार. परतीचे तिकीट २ एप्रिलचे आहे. तेव्हाही साडेपाचच धरायचे ना?

नकाशाप्रेमी : नाही, तेव्हा साडेचार. वारेही पाठीमागून असल्याने येताना साधारण तासभर कमी लागतो. परतीच्या वेळा लिहा.